घरच्या साबणाने हात फुटले, 'केमिकल'च्या वडीने बरे झाले: हे काय गौडबंगाल?

जुईली_च | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माहेर चिपळूणचं. माझी मावशी घरी साबण करते. शंभर टक्के खोबरेल, घाण्याचं, वर चिमूटभर हळद. आम्ही सगळी भावंडं त्याच साबणावर वाढलो. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या डिसेंबरात लातूरला आलो. इथे बोअरचं पाणी. येताना बावीस वड्या बांधून आणल्या.

पंधरा दिवसांत माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. केस झाडूसारखे. बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर बसतो, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. लेक चार वर्षांची आहे, तिच्या कोपराच्या खळगीत लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी एक वडी दिली, तिच्या वेष्टनावर 'हा साबण नाही' असंच लिहिलंय! आणि सोबत एक मलम. आठ दिवसांत फरक. आता मावशीला काय तोंड दाखवू?

म्हणून लेबलं वाचत बसले. वडीत 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' आणि 'स्टीअरिक अ‍ॅसिड'. मलमात 'ग्लिसरिल मोनोस्टीअरेट'. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळीच्या कागदावर 'मॅग्नेशियम स्टीअरेट'. हे स्टीअर-स्टीअर प्रकरण काय आहे? साबण, मलम, गोळी सगळ्यात तेच कसं? आणि नैसर्गिक साबणाने त्रास नि कारखान्याच्या वडीने आराम, हे उलटं कसं?

बेरकी_बोका | शनिवार, रात्री ९:५२

कॉस्टिक सोडा कुठल्या झाडाला लागतो ते मावशींना विचारून सांगा. कलम लावीन म्हणतो.

(दिवे घ्या.)

रानवारा | शनिवार, रात्री १०:०५

वर चेष्टा झाली, पण खरंच सगळ्या त्रासाचं मूळ केमिकल हेच आहे. आपल्या आज्या रिठा-शिकेकाईने न्हायच्या, कुणाला एक्झिमा नव्हता. साबणच सोडा. मसूर डाळीचं पीठ लावा, त्वचेला शतधौत घृत लावा. माझा दहा वर्षांचा अनुभव आहे.

नागपुरी_वऱ्हाडी | शनिवार, रात्री १०:११

लातूरमंदी फेस याले आधी पाणी तं आलं पायजे न ताई. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी न्याव लागलं होतं तुमच्या गावाले.

कढईवाले_काका | शनिवार, रात्री ११:३०

जुईली, तुमचा धागा पाहून झोप उडाली. साबणाच्या कारखान्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

खोबरेल, तूप, एरंडेल, काहीही घ्या. त्यात ग्लिसरिनच्या एका कण्याला तीन मेदाम्लं लटकलेली असतात. कॉस्टिक घातलं की ती सुटतात, सोडियमला चिकटतात आणि ग्लिसरिन मोकळं होतं. ते जे सोडियमचं लवण, तोच साबण. शेपटी तेलाची, डोकं पाण्याचं. शेपटी मळात घुसते, डोकं पाण्याकडे ओढतं. या जातीच्या सगळ्या पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात. तुमचं 'स्टीअर' म्हणजे स्टीअरिक, यांतलंच एक मेदाम्ल. तुम्ही वाचलेली वडी आणि मलम यांत याच मेदाम्लांना वेगवेगळी डोकी बसवलेली आहेत. गोळीतल्या मॅग्नेशियमच्या लवणाचं काम जरा निराळं, ते कुणी औषधवाला सांगेल. फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल यांनी १८२३ साली चरबीवरचा ग्रंथ छापला, तेव्हापासून हे माहीत आहे. बोकेराव, कॉस्टिक झाडाला लागत नाही हे खरं, पण माप बरोबर असेल तर तयार वडीत ते उरतही नाही.

आता तुमचा प्रश्न. साबणाचं डोकं कॅल्शियम-मॅग्नेशियम दिसलं की सोडियमला सोडून त्यांच्याकडे जातं. एका कॅल्शियमला दोन शेपट्या बांधल्या जातात आणि ते लवण पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेचा मेणचट थर तो हाच. केसांवरही तोच बसतो. चिपळुणात जांभा दगडातून येणारं पाणी हलकं, क्षार कमी. तुमच्या बोअरचं पाणी काळ्या कातळातून आलेलं, जड असणार. मावशींच्या साबणात खोट नाही, पाणी बदललं.

अर्धी गोष्ट मात्र साबणाचीही आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, १२ कार्बनची आखूड शेपटी. ती फेस भरपूर देते, मळ झटकन काढते आणि त्याच जोरावर त्वचेचं तेलही काढते. शुद्ध खोबरेलाचा साबण कपड्यांना उत्तम, अंगाला कडक. आम्ही साध्या वडीत साधारण पाव भाग खोबरेल किंवा पामगरचं तेल घ्यायचो, बाकी लांब शेपटीची तेलं.

एक प्रयोग करा. तीन बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच उकळून गार करून निवळलेलं, तिसरीत आरओचं. साबणाचा कीस गरम आरओ पाण्यात विरघळवा आणि ते पाणी ड्रॉपरने थेंब-थेंब प्रत्येक बाटलीत सोडून हलवत राहा. फेस टिकेपर्यंत किती थेंब लागतात ते मोजा. पाण्याचं माप तिन्हींत सारखं हवं.

बेरकी_बोका | शनिवार, रात्री ११:३८

काका, वाचनखूण साठवली. माझा सोडा मागे घेतो.

खलाशीबुवा | रविवार, सकाळी ६:१५

जहाजावरून लिहितोय. काकांच्या 'आखूड शेपटी'ला अनुमोदन. समुद्राच्या पाण्यात साधा साबण नुसता फुटतो, पण खोबरेलाचा फेस देतो. जुने खलाशी म्हणूनच तो बाळगायचे. म्हणजे मावशींची वडी लातुरात नापास नि अरबी समुद्रात पास!

सई_लीड्स | रविवार, दुपारी १:२०

मी इथे इंग्लंडात त्वचाविभागात नर्स आहे. लेकीबद्दल थोडं.

साबणाचा पीएच ९ ते १० (७ च्या वर अल्कली, खाली आम्ल). त्वचेचा ५ च्या आसपास. हात धुतल्यावर निरोगी त्वचा थोड्या वेळात सावरते, एक्झिमाची नाही सावरत. तुम्हाला दिलेली वडी सिंडेट, म्हणजे साबण नसलेली. कोकोइल आयसेथिओनेटही खोबरेलाच्याच मेदाम्लांपासून बनतं, फक्त डोकं वेगळं. त्याला कॅल्शियमचं वेड नाही, शिवाय वडी तटस्थ पीएचला बांधता येते. अमेरिकेत १९५७ साली आलेला डव्ह याच घराण्यातला. थोडक्यात, मावशींच्या नि डॉक्टरांच्या वडीचं आजोळ एकच, नारळ.

पण 'डॉक्टरी ते सौम्य' असंही समजू नका. आमच्याकडे अ‍ॅक्वियस क्रीम म्हणून एक जुनं साधं क्रीम पिढ्यान्पिढ्या एक्झिमाला द्यायचे. ते बनतं असं: इमल्सिफाइंग वॅक्समध्ये दहा टक्के एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट, एक कडक सर्फॅक्टंट), ते वॅक्स ऑइंटमेंटमध्ये तीस टक्के, ते ऑइंटमेंट क्रीममध्ये तीस टक्के. गुणाकार केला की क्रीममध्ये ०.९ टक्के एसएलएस. लावून तसंच ठेवलं की मुलं रडायची, 'झोंबतं' म्हणायची, नि आया म्हणायच्या नाटकं करतो. २०१३ साली औषध नियंत्रकांनी सूचना काढली की या क्रीमने, विशेषतः एक्झिमाच्या मुलांना, दाह होऊ शकतो. आता आम्ही ते अंगावर ठेवायला सांगत नाही.

चट्टे ओले झाले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर धाग्यावर विचारत बसू नका. सरळ डॉक्टर.

रानवारा | रविवार, दुपारी २:०२

तेच म्हणतोय मी! शेवटी सगळीकडे केमिकल आणि त्रास. रिठ्याला कुठे पीएच बघावा लागतो?

कढईवाले_काका | रविवार, दुपारी ४:४५

रानवारा, रिठ्याची बाजू मीच घेतो. रिठ्यातलं सॅपोनिन हाही सर्फॅक्टंटच, पण मेदाम्लाचा नव्हे. जड पाण्यात तो साबणासारखा फुटत नाही. मराठवाड्यातल्या बायका केसांना रिठा-शिकेकाई वापरायच्या ते काही उगाच नाही, साबणाने केसांचा चिकटा होतो हे त्यांनी पाहिलेलं. पण रिठ्याचा थेंब डोळ्यात गेला की काय होतं ते तुम्हालाही माहीत असेल. झाडाला लागला म्हणून तो केमिकल नाही असं कसं? आणि एक्झिमा तेव्हाही होता हो, त्याला इसब म्हणायचे.

शतधौत घृत मात्र मलाही आवडतं. आमच्या आईने मूळव्याधीवर केलं होतं. तांब्याच्या परातीत तूप, त्यावर पाणी, तळहाताने फेटायचं, पाणी ओतायचं, परत नवं. शंभर वेळा. पन्नाशीच्या पुढे तूप पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं. पाण्याचे बारीक थेंब तुपात कोंडले जातात. क्रीमच म्हणा ना, मनगटाच्या जोरावर केलेलं.

अनघा_फार्म | रविवार, रात्री ८:३०

गोळीचं मी सांगते. पुण्यात फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे औषधाची गोळी घडवण्याच्या कामात आहे.

मॅग्नेशियम स्टीअरेट म्हणजे जुईलीच्या बादलीवरच्या थराचा सख्खा भाऊ! कॅल्शियमऐवजी मॅग्नेशियम, इतकंच. पाण्याला दाद देत नाही, बोटांत चोळलं तर टाल्कमपेक्षा गुळगुळीत. गोळ्या दाबण्याच्या यंत्रात भुकटी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात, साधारण पाव ते एक टक्का. थाळीला तेलाचं बोट फिरवून मग वड्या थापतो ना, तसं.

आता माझा पराक्रम ऐका. नोकरीचं दुसरं वर्ष, एका कंपनीत ट्रायल बॅच. लुब्रिकंट (म्हणजे हेच स्टीअरेट) घातल्यावर ब्लेंडर तीन मिनिटं फिरवायचा होता. मी चहाला गेले, गप्पा रंगल्या, परत आले तर बारा मिनिटं झालेली. गोळ्या दिसायला देखण्या, पण विरघळण्याच्या चाचणीत अर्ध्या तासाने नमुना काढला तर औषध निम्मंही बाहेर नाही. स्टीअरेटने प्रत्येक कणावर बारीक मेणकापड चढवलेलं, पाणी आत शिरेना. साहेब काही बोलले नाहीत, बीकर माझ्यापुढे ठेवून निघून गेले. तेव्हापासून खिशात टायमर असतो.

सासऱ्यांना सांगा, ते त्यांच्या तब्येतीला काही करत नाही. मिलिग्रॅमभर, फार तर दोन-चार असतं.

माळकरी | रविवार, रात्री ९:१०

अनघाताई, मी माळकरी आहे. हे स्टीअरेट चरबीचं असतं का?

अनघा_फार्म | रविवार, रात्री ९:२६

रास्त प्रश्न आहे दादा. स्टीअरिक आम्ल गुरांच्या चरबीतही असतं नि पामतेलातही. गोळीत आल्यावर दोन्हीत रासायनिक फरक नाही, त्यामुळे कागदावरून कळत नाही. मी जिथे काम केलं तिथे वनस्पतिजन्यच घ्यायचे नि पुरवठादाराकडून तसा दाखला मागायचे. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा, लेखी उत्तर मागा. पण तोवर गोळी बंद करू नका, एवढं ऐका.

स्नोपावडर | रविवार, रात्री १०:४०

आमच्या आजीचं 'स्नो-पावडर' कुणाला आठवतं का? मुंबईचा अफगाण स्नो, काचेची बाटली. आजी तर्जनीने एवढुसा घ्यायची, दोन्ही गालांना नि कपाळाला टिपके लावून चोळायची. आधी पांढरं भूत, मग गायब. बी.फार्म.च्या प्रॅक्टिकलला कळलं की ती जादू म्हणजे तुमचं हेच स्टीअर-स्टीअर.

आम्ही १०० ग्रॅम व्हॅनिशिंग क्रीमला २० ग्रॅम स्टीअरिक आम्ल घ्यायचो. पातेल्यात वितळवायचं, दुसरीकडे पाणी, ग्लिसरिन नि कॉस्टिक पोटॅश तेवढ्याच गरम. पोटॅश जेमतेम ०.८ ग्रॅम. म्हणजे २० पैकी ४ ग्रॅमचाच साबण होतो, आणि तो उरलेल्या १६ ग्रॅमला पाण्यात धरून ठेवतो. गार होताना हलवत राहायचं. रात्रभर ठेवलं की मोत्यासारखी झाक येते, ती स्टीअरिकच्या स्फटिकांची. चेहऱ्यावर पाणी उडतं नि पातळ पापुद्रा राहतो, म्हणून 'गायब'.

माझं क्रीम दर वेळी फुटायचं. एक भांडं गरम, एक कोमट. मॅडम म्हणायच्या, ताक केलंस.

बेरकी_बोका | रविवार, रात्री १०:४४

'ताक केलंस'. हसून हसून पुरेवाट.

मिहीर_ठाणे | सोमवार, सकाळी ११:१५

थोडं अवांतर, पण धाग्याशी संबंध आहे म्हणून लिहितो.

आईला पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे कॅन्सरचं औषध दिलं होतं. पहिलाच डोस. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. ठिबक सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, 'मिहीर, अंग भाजतंय रे.' बघतो तर चेहरा कुंकवासारखा लाल, श्वास लागलेला. सिस्टर धावल्या, ठिबक बंद, इंजेक्शनं. तासाभराने परत सुरू केलं, अगदी हळू, आणि मग नीट गेलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बऱ्याचदा ही प्रतिक्रिया औषधापेक्षा ते ज्यात विरघळवलेलं असतं त्याची असते. एरंडेलापासून केलेला पदार्थ. म्हणूनच आदल्या रात्रीपासून स्टिरॉइड नि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देतात.

आमच्या घरी एरंडेल म्हणजे पोट साफ करायचं नि बाळाच्या टाळूला लावायचं. ते शिरेतून जातं हेच मला नवीन होतं. आई बरी आहे आता, सहा वर्षं झाली. पण एरंडेलाची बाटली दिसली की अजून पोटात गोळा येतो.

अनघा_फार्म | सोमवार, दुपारी १२:०५

मिहीर, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले ते बरोबर. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. एरंडेलाला एथिलिन ऑक्साइडच्या लांब साखळ्या जोडून जो सर्फॅक्टंट होतो, तो नि अल्कोहोल यांत ते ठेवतात. १९९२ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली ती याच रूपात. पुढे २००५ मध्ये अल्ब्युमिन प्रथिनाला बांधलेलं रूप आलं, त्यात हा पदार्थ नाही. तुमच्या घरातल्या बाटलीत मात्र हे काहीच नाही, निव्वळ तेल आहे. ती बिचारी निर्दोष.

याच घराण्यातलं दुसरं नाव पॉलिसॉर्बेट ८०. ओलिक आम्ल, म्हणजे शेंगदाणा-ऑलिव्हमधलं मेदाम्ल, सॉर्बिटॉलपासूनच्या सांगाड्यावर चढवलेलं. पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डमध्ये होतं. आइस्क्रीममध्येही असतं, लेबलवर ४३३ आकडा दिसेल. तेव्हा रानवारा, दंडातून नि जिभेवरून तुम्हीही बहुतेक यातले झालात.

रानवारा | सोमवार, दुपारी १:३०

आइस्क्रीम मी खातो, लपवत नाही. पण माझा मुद्दा असा की कशात काय आहे हे माणसाला कळायला तर हवं. लेबलावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

सई_लीड्स | सोमवार, दुपारी २:१०

या मुद्द्यावर रानवारांना +१. बारीक अक्षरांसाठी मोबाइलने फोटो काढून मोठा करते मी.

टीएफएम_तपासनीस | सोमवार, सायंकाळी ६:००

एवढी चर्चा कशाला? वेष्टनावर टीएफएम बघायचा. ७६ च्या वर असेल तो साबण चांगला. सिंडेटवाले टीएफएम मोठ्याने का सांगत नाहीत? कारण कमी असतो. सरळ हिशोब.

कढईवाले_काका | सोमवार, सायंकाळी ७:१०

सरळ आहे, पण अर्धा. टीएफएम म्हणजे एकूण मेद. भारतीय मानकात टॉयलेट सोपला पहिल्या प्रतीला ७६, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसऱ्या प्रतीला ६० टक्के किमान. साबण किती नि भरताड किती, ते त्यातून कळतं. शंखजिऱ्याची भर घातलेली वडी त्यातून पकडता येते. पण कुठलं मेदाम्ल ते कळत नाही. मावशींच्या वडीचा टीएफएम मोजलात तर चांगला येईल, तरी जुईलीचे हात फुटलेच ना? सिंडेटला ही पट्टी लावणं म्हणजे दूध फुटपट्टीने मोजणं.

स्नोपावडर | सोमवार, रात्री ९:००

बाय द वे, जुईली कुठे गेली? प्रयोगाचं काय झालं?

जुईली_च | मंगळवार, रात्री १०:२०

आले आले! काल दिवसभर पाणी नव्हतं (नागपुरी दादा, तुमची नजर लागली), आज केला.

लेकीच्या औषधाचा ड्रॉपर, तीन सारख्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धी वाटी पाणी. नवरा वहीत रेघा मारायला. आरओला ५ थेंबांत फेस, नि तो बोटभर उंच तसाच उभा. उकळून निवळलेल्याला ३८. बोअरचं पाणी, मंडळी, ६१ थेंब! आणि मधल्या वेळात दूध नासल्यासारख्या गुठळ्या. हलवलं की वर येतात, थांबलं की बाटलीला चिकटतात. लेक म्हणाली, 'आई, पनीर.'

उकळलेल्या पातेल्याच्या तळाला पांढरी खर बसली होती. तरी ३८ का लागले, काका?

रात्री मावशीला फोन केला. आधी गप्प. मग म्हणाली, 'माझ्या साबणाला नावं ठेवायला लातूरला गेलीस होय?' मग मी बाटल्यांचे फोटो पाठवले. दहा मिनिटांनी तिचाच फोन. म्हणे तिची सासू साबणात कोकमतेल घालायची, मुठेल म्हणायची त्याला, टाचांच्या भेगांना लावतात ते. मावशीनेच ते महाग पडतं म्हणून बंद केलं. घालू का परत, विचारतेय.

कढईवाले_काका | मंगळवार, रात्री १०:५५

शाब्बास! उकळल्याने बायकार्बोनेटचा जडपणा खरेच्या रूपात खाली बसतो. सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो, म्हणून ३८.

मावशींना सांगा, जरूर घाला. कोकमतेल म्हणजे मुख्यतः स्टीअरिक नि ओलिक, दोन्ही लांब शेपटीची. वडी कठीण होईल, कडकपणा कमी होईल. फक्त कॉस्टिकचं जुनं माप वापरू नका. खोबरेलाला किलोमागे १८३ ग्रॅम लागतं, कोकमतेलाला त्याहून बरंच कमी. जुन्याच मापाने केलं तर कॉस्टिक शिल्लक राहील नि खरोखर भाजेल. तेलांचं प्रमाण कळवा, हिशोब करून देतो. आणि त्यावरही पाच टक्के कॉस्टिक कमीच घ्यायचं, थोडं तेल मोकळं राहू द्यायचं.

तरीही तुमच्या पाण्यात गुठळ्या होणारच. डोकं तेच आहे ना. केसांना शेवटचा मग आरओचा, त्यात चमचाभर व्हिनेगर. लेकीला मात्र डॉक्टरांचीच वडी.

अनघा_फार्म | मंगळवार, रात्री ११:०२

मावशी विकत असतील तर परवान्याचंही बघायला सांगा. साबण सौंदर्यप्रसाधनांत धरतात, विक्रीसाठी करायला एफडीएचा परवाना लागतो. घरापुरतं असेल तर प्रश्न नाही.

जुईली_च | मंगळवार, रात्री ११:१५

विकत नाही हो, वाटते. नको म्हटलं तरी देते. सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेल्या एकोणीस वड्यांचं काय करू?

खलाशीबुवा | बुधवार, पहाटे ५:४०

पुढच्या महिन्यात रत्नागिरीला उतरतोय. चिपळूण वाटेवरच आहे. मावशींचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, पुढच्या खेपेच्या वड्या थेट तिथूनच घेईन. त्या एकोणीस मात्र तुमच्या, कपडे धुवा.

बेरकी_बोका | बुधवार, सकाळी ८:३०

६१ थेंब टाकून?